मलेबी म्हणणारा

"बायको माहेरी जाऊन बसली त्याले दोन महिने झाले, अन् हा पोट्टा मले विचारते, आई, आता मी काय करू?" कौशल्याबाईनं हातातली सुतानं भरलेली कांडी परडीत आपटली. "अरे बाबू, बायको तुही आहे का माही?"

शेजारची चंद्रभागाबाई दारापुढच्या छपरीत तांदूळ निवडत बसली होती. तिनं सुपातून मान वर केली नाही. "तूच त म्हणत होती, माहा भूषण सोन्याचा. कधी उलटून बोलत नाई."

"सोनंबी ठोकलं त आवाज करते, चंद्रभागा. याले ठोका, कुटा, वाकवा. आवाजच नाई."

पवनीतल्या त्या कोष्टी गल्लीत ही तक्रार नवीन होती. तेहेतीस वर्षं कौशल्याबाईनं पोराच्या याच गुणाचे गोडवे गायले होते. दुसऱ्यांची पोरं बापाच्या अंगावर धावून जात, वाटणी मागत, बायकोच्या पदराआड लपत. तिचा भूषण मात्र आईनं रेघ मारली की त्या रेघेवर चालायचा. भूषणच्या नुसत्या नावावर ती सगळ्या गल्लीला खाली बसवायची.

भूषण बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाईक बाईनं हिरवी साडी उचलून "ही बरी दिसते" म्हटलं की तो म्हणायचा, "हो ताई, मलेबी हीच आवडली." तिनं ती टाकून जांभळी उचलली की, "मलेबी जांभळीच." दुकानाचा सेठ त्याच्यावर खूश होता. एक साडी घ्यायला आलेल्या बायका दोन घेऊन जायच्या. आणि गंमत अशी की भूषण खोटं बोलत नव्हता. समोरच्याला जे वाटायचं ते त्याला त्या घटकेपुरतं मनापासून वाटायचं. पाण्याला जसा भांड्याचा आकार, तसा तो.

घरात तर हा रिवाजच होता. आधी कौशल्याबाई बोलायची, मग बाकीचे. शाळा तिनं दुसरीतच सोडली, पण सून आणायची कोणाची, धाग्याचा रंग कोणता, पाहुण्याला चहा द्यायचा का जेवण, याचा निकाल तिच्या तोंडून निघायचा आणि घरातले मागून "हो" लावायचे. नवरा बाबूलाल हातमागावर कोसा रेशीम विणायचा, गरीब जीव. तिनं वांग्याची भाजी केली, "झकास झाली" असं स्वतःच सांगितलं, की तोही म्हणायचा, "हो, झकास." अशी त्यानं अठ्ठावीस वर्षं वांगी खाल्ली. तो गेला तेव्हा दहाव्या दिवशी पानात त्याच्या आवडीचं काय वाढायचं असा प्रश्न निघाला. कौशल्याबाई ठासून म्हणाली, वांगं. तर बाबूलालची म्हातारी बहीण म्हणाली, "वांगं? त्याले त लहानपणापासून वांगं नाई चालत. अंगाले खाज सुटे." कौशल्याबाईनं त्या म्हातारीला तिथंच झापलं. पण पानात वांगं वाढलं नाही. मग काय वाढावं तेही तिला सुचलं नाही. शेवटी वरणभातावर भागवलं.

अशा घरात चार वर्षांपूर्वी रेणू सून म्हणून आली.

रेणू आसगावची. तिचा बाप केवळराम मूळचा कोष्टीच, पण माग मोडून धानाच्या शेतीत पडलेला. पोरगी बी.ए. झालेली, अंगानं बारीक, नजर सरळ. आल्याच्या तिसऱ्या दिवशी जेवताना कौशल्याबाई म्हणाली, "वरणात मीठ बरोबर पडलं." भूषण म्हणाला, "हो आई, बरोबर." रेणूनं घास गिळला आणि म्हणाली, "मले कमी वाटते आई."

भूषणचा हात ताटातच थांबला. कौशल्याबाईनं सुनेकडे पाहिलं. "मंग उद्यापासून तूच करत जा."

"करतो ना," रेणू म्हणाली आणि मिठाची वाटी पुढं ओढली.

जेवणं झाल्यावर कौशल्याबाईनं एकटीनं वरण पुन्हा चाखून पाहिलं. मीठ कमीच होतं. तिला राग यायला हवा होता. आलाही. पण त्या रागाला कसली तरी चव होती, जी तिच्या तोंडात बरेच दिवस नव्हती.

पुढं दोघींची रोज जुंपायची. उन्हाळ्यात पापड कुठं वाळवायचे इथपासून ते भिंतीला रंग कोणता इथपर्यंत. गल्लीला वाटायचं, या घरात सासूसुनेचं पटत नाही. पटत नव्हतंच. पण लग्नाला चार वर्षं होऊन घरात पाळणा हलला नाही म्हणून नळावर कोणी रेणूला टोमणा मारला, तर कौशल्याबाई त्या बाईच्या दारात जाऊन तिच्या सात पिढ्या काढून यायची. माझ्या सुनेशी भांडायचं तर ते मी भांडीन, असा तिचा हिशोब.

रेणूनं घरी पोरांना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. समोरच्या लांब खोलीत दोन माग होते. एकावर कौशल्याबाई अजून थोडंफार विणायची. दुसरा बाबूलालचा. तो गेल्यापासून नऊ वर्षं त्यावर कोणी बसलं नव्हतं, धोटा जिथं थांबला तिथंच होता. दोन मागांच्या मधल्या जागेत चटई टाकून गल्लीतली सोळा पोरं बसायची. कौशल्याबाई कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरत ऐकायची. तिला काही कळायचं नाही, पण कानांना कोण थांबवणार.

एकदा रेणूनं पोरांच्या दोन रांगा केल्या. एका रांगेनं म्हणायचं, "आय लाइक जिलेबी." दुसरीनं उत्तर द्यायचं, "सो डू आय." पहिली म्हणायची, "आय डोन्ट लाइक कारलं." दुसरी म्हणायची, "नीदर डू आय." खोली नुसती दणाणली.

"काय चालू आहे हे?" कौशल्याबाईनं चरखा थांबवला.

"एकानं काई सांगतलं, अन् आपलंबी तसंच असलं, त इंग्रजीत हो कसं म्हणायचं ते."

"एवढ्याशा गोष्टीले एवढा खटाटोप? आपलं 'मलेबी' म्हटलं की मोकळं. जिलेबी आवडो का कारलं न आवडो."

"ते खरं आहे आई. आपलं सोपं आहे." रेणू हसली. "पन याच्यात समोरचा काय बोलला ते पुरतं आयकाव लागते. तो 'आहे' म्हणाला का 'नाई' म्हणाला, 'होतं' म्हणाला का 'होईन' म्हणाला. त्याच्यावर लक्ष नसलं त हो म्हणताच येत नाई."

"साहेबाची जात," कौशल्याबाई म्हणाली आणि चरखा फिरवला.

पण रेणूच्या डोक्यात दुसरंच होतं. सोळाच्या सोळा पोरांना जिलेबी आवडते, हे तिला पटेना. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना पाट्या आणायला लावल्या. आधी पाटीवर आपलं आपलं लिहायचं, हातानं झाकायचं, मग शेजाऱ्याचं ऐकायचं, आणि जुळलं तरच "सो डू आय" म्हणायचं. त्या दिवशी कळलं की सोळांतल्या सहांना जिलेबी आवडत नाही. एका पोरीनं तर लिहिलं होतं की तिला काय आवडते ते तिला मालूम नाही. कौशल्याबाई तोंडाला पदर लावून हसली.

दिवेलागणीला भाकरी थापता थापता रेणूनं विचारलं, "आई, तुमाले काय नाई आवडत?"

"मले? खोटं बोललेलं नाई आवडत."

"तसं नाई. खायाचं सांगा."

कौशल्याबाईला विचार करावा लागला. तिला हे कोणी विचारलं नव्हतं. "कोहळ्याची भाजी," ती म्हणाली.

"नीदर डू आय," रेणू म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ती एवढीशी गोष्ट कौशल्याबाईच्या मनात कितीतरी दिवस घोळत राहिली. आयुष्यभर घरातल्यांनी तिच्या हो ला हो लावला होता, तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पण जी पोरगी तोंडावर नाही म्हणते, ती हो म्हणाली की ते हो खणखणीत असतं. हे तिला साठी उलटल्यावर समजलं.

दसऱ्याच्या आधी वर्गातली पोरं तिसावर गेली. बसायला जागा पुरेना, पोरं अंगणात उन्हात बसू लागली. रेणूनं सासूकडे विषय काढला. बाबूलालचा माग काढावा, तिथं बाकं टाकावी.

"तो माग तिथंच राह्यन," कौशल्याबाई म्हणाली.

"नऊ वर्षं झाले आई, त्याच्यावर कोनी बसत नाई."

"मी मरन तेव्हा माह्या संग जाळा. तोवर तिथंच."

आता भूषणनं काय केलं ते ऐका. आई त्याला म्हणाली, तो माग हलायचा नाही. भूषण म्हणाला, "हो आई, मलेबी तसंच वाटते." बायको त्याला म्हणाली, माग नुसता धूळ खातो आहे, पोरं उन्हात बसतात, तुमाले काय वाटते. भूषण म्हणाला, "मलेबी वाटते काढून टाकावं." दोन्ही वेळा त्याला तसंच वाटत होतं. दोघी बायका आपापल्या जागी निश्चिंत झाल्या, की घरचा माणूस आपल्या बाजूनं आहे.

मग एका रविवारी सकाळी गोपीचंद सुतार पटाशी आणि हातोडी घेऊन दारात उभा. रेणूनं बोलावला होता. कौशल्याबाई न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आली आणि मागाच्या फणीला धरून उभी राहिली. तीस पोरं, गोपीचंद, छपरीत चंद्रभागाबाई, सगळ्यांच्या समोर ती सुनेला नको नको ते बोलली. बाप माग विकून खाणारा, पोरगी दुसऱ्याचा माग मोडणारी, इथपर्यंत.

रेणूचं तोंड पांढरं पडलं. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमी सांगा आईले. तुमाले विचारूनच मी सुताराले बोलावलं."

"माहा पोरगा असं म्हणाला?" कौशल्याबाई म्हणाली. "भूषण, तू असं म्हणाला?"

भूषण दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "आई म्हणते तेच," तो म्हणाला.

रेणूनं पोरांना सुट्टी दिली. गोपीचंदाला हात जोडले. दुपारच्या बसनं ती आसगावला गेली. जाताना सासूच्या पाया पडली, भूषणला ताट वाढून झाकून ठेवलं. एवढ्या व्यवस्थित गेली, की दिवाळीच्या फराळाला येईल असं कौशल्याबाईला वाटलं. दिवाळी आली. भाऊबीज झाली. रेणू आली नाही.

घरात आता वरणात मीठ कसंही पडलं तरी बरोबरच असायचं. कौशल्याबाई मुद्दाम जास्त टाकून पाहायची. भूषण ते जेवायचा, वर पाणी प्यायचा. "चांगलं झालं आई." एके दिवशी तिनं ताट त्याच्यासमोरून उचलून अंगणात भिरकावलं. तो हात धुऊन उठला आणि म्हणाला, "जाऊ दे, मलेबी भूक नोती."

त्या दिवशी तिला आठवलं, भूषण सहा वर्षांचा असताना बाजारात निळ्या चपलेसाठी रस्त्यात बसला होता. तिनं काळी निवडली होती. चारचौघांत तिनं त्याला बदडलं आणि विचारलं, "कोनती आवडते?" पोरगं रडत म्हणालं, "काळी." हा किस्सा ती पंचवीस वर्षं लोकांना हसून सांगत आली होती. आज तिला हसू आलं नाही. मातीचं मडकं तिनंच घडवलं होतं, तिनंच भाजलं होतं, आता त्यात पाणी गार होत नाही म्हणून ती कोणाला बोल लावणार. पण हे तिनं चंद्रभागाबाईला सांगितलं नाही. सांगण्याची तिला सवय नव्हती.

त्याऐवजी तिनं गोपीचंदाला बोलावलं.

भूषण दुकानात गेला होता. गोपीचंदानं बाबूलालचा माग उतरवला तेव्हा ती खोलीत थांबली नाही, मागच्या अंगणात तुळशीजवळ जाऊन उभी राहिली. हातोडीचा एकेक ठोका तिला ऐकू येत होता. मग तिनं स्वतः टोपलीनं माती आणून मागाखालचा खड्डा बुजवला, जिथं बाबूलालचे पाय तीस वर्षं लोंबकळले होते. वरून शेणानं सारवलं. फणी तेवढी तिनं पेटीत ठेवली.

चंद्रभागाबाई दारातून पाहत होती. "अगोदरच काढला असता त?"

"त मंग तू मले हे विचाराले कायले आली असती?" कौशल्याबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात धार नव्हती.

सायंकाळी भूषणनं मोकळी जमीन पाहिली. बूट काढून त्या सारवलेल्या जागेच्या काठावर बराच वेळ उभा राहिला.

"उद्या आसगावले जायाचं," ती म्हणाली. "तिले आणाले."

"हो आई. मलेबी..." तो थांबला.

"काय मलेबी?"

"काई नाई. जाऊ."

सकाळी मोटारसायकलवर निघाले. कौशल्याबाईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत रेणूसाठी साडी, हळदकुंकू, ओटीचा नारळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडलं होतं, कुठं बांधावर पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले होते. हवेत पेंढ्याचा वास. ती भूषणच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "आयक. चूक माही होती, ते मी सर्वायच्या समोर सांगन. पन तुले बोलाव लागन. तुह्या मनातलं."

"हो आई." थोडं अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "काय बोलू?"

"ते मी सांगतलं त तुह्या मनातलं कसं होईन?"

"तेबी खरं आहे," भूषण म्हणाला.

केवळरामच्या अंगणात धान पडलं होतं. तो लगबगीनं आला, बाज टाकली, पाणी आणवलं. रेणूची माय दाराशी येऊन उभी राहिली, हसली नाही. रेणू शेतातूनच आली, डोक्याला फडकं, केसांत भुसा, हातात विळा. सासूला पाहून तिनं विळा भिंतीला टेकवला आणि पाया पडली. कौशल्याबाईला वाटलं तिला जवळ ओढावं. नाही ओढलं.

चहा झाला. कौशल्याबाईनं पदर सारखा केला. ती कधी कोणापुढं वाकली नव्हती, त्यामुळं कसं वाकतात ते तिला ठाऊक नव्हतं. भांडायला बसावं तशी ती ताठ बसली आणि बोलली.

"केवळरामजी, मी तुमाले माग विकून खाणारा म्हटलं. पोरायच्या समोर तुमच्या लेकीचा अपमान केला. चूक झाली. माग काढला मी. खड्डाबी बुजवला. सारवून आली."

केवळराम खाली पाहत राहिला. रेणूच्या मायनं डोळ्याला पदर लावला. रेणू मात्र सासूकडे पाहत होती.

"तुमी बुजवला? हातानं?"

"मंग काय पायानं?"

रेणूला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरले. "आई, मी मागासाठी नोती आली इकडं."

"मालूम आहे मले."

मग रेणू भूषणकडे वळली. तो बाजेच्या कडेला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत. ती हळू आवाजात बोलली, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमाले विचारतो. आईले नाई, बाबाले नाई. मी घरी याव का? तुमाले काय पाहिजे?"

भूषणनं मान वर केली. कोंबड्या धान टिपत होत्या, त्यांच्या चोचींचा आवाज येत होता. कौशल्याबाईनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आत काहीतरी होतं आणि ते वर येत होतं, तिला स्पष्ट दिसत होतं. लहानपणी ताप डोक्यात जाऊन त्याचा श्वास अडायचा तेव्हा जसं व्हायचं तसं तिचं झालं. सून दारात आहे, एक शब्द मध्ये आहे. एवढी चुप्पी त्या बाईनं जन्मात सोसली नव्हती.

"मले पाहिजे," कौशल्याबाई बोलून गेली. "हे पोरगी मले माह्या घरात पाहिजे. बस."

असं ती कोणाबद्दल कधी बोलली नव्हती. नवऱ्याबद्दलही नाही. बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

आणि भूषण, जसा डोक्यावरचा भारा कोणी उतरवून घ्यावा तसा सुटून, लगेच म्हणाला, "मलेबी."

रेणूची नजर खाली गेली. तिनं फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर कौशल्याबाईनं त्याला धरून काहीतरी केलं असतं.

कौशल्याबाईनं हात आडवा केला. "नाई, थांब," ती म्हणाली. "मी मधात बोलली. आता तो बोलन. भूषण, बोल."

"बोललो ना आई," भूषण म्हणाला.

रेणू उठली. सासूजवळ येऊन खाली बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्या हातांना अजून शेणमातीच्या भेगा होत्या.

"आई, तुमी बोलावलं, मले सर्व पोहोचलं. तुमच्यासाठी मी आताच्या आता निघाली असती. पन माहं लगन तुमच्यासंग नाई लागलं."

"पोरी, मी त्याले शिकवन."

"नका शिकवू आई." रेणूनं तिचे हात तसेच धरून ठेवले. "येत्या सोमवारी मी भंडाऱ्याले चालली. शाळेत जागा भेटली. खोलीबी पाहिली."

केवळराम खाकरला, म्हणाला, घाई नको, अजून विचार करू, चार दिवस जाऊ द्या. पण त्याच्या लेकीचं ठरलेलं आहे हे सर्वांना दिसत होतं. कौशल्याबाईनं पिशवीतून साडी काढली. रेणूला कुंकू लावलं, ओटी भरली. परत आणायला भरतात ती ओटी, पण हात फिरले तेव्हा ती लेकीला वाटेला लावतानाची झाली. रेणूनं ती पदरात घेतली.

परतीच्या वाटेवर कालव्याच्या पुलाजवळ भूषणनं मोटारसायकल थांबवली. उतरला नाही. हँडल धरून, समोर पाहत तसाच बसून राहिला. मागं बसलेल्या कौशल्याबाईला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ हलू लागली. तेहेतीस वर्षांत पोराला असं रडताना तिनं पाहिलं नव्हतं.

"मले खरंच पाहिजे होती ते," भूषण म्हणाला. "आई, मी बोलतच होतो. तोंडात आलं होतं. तू बोलली."

तिला ठाऊक होतं. तिनं त्याचे ओठ पाहिले होते.

"मले तिचं सर्व आवडते," तो म्हणाला. "ते शिकवते तेव्हा मी दुकानातून लवकर येऊन बाहेर उभा राहून आयकत होतो. तिले कधी सांगतलं नाई."

कालव्यातून पाणी वाहत होतं. कौशल्याबाई गाडीवरून खाली उतरली. त्याला गाडी वळवायला जागा व्हावी म्हणून ती बाजूला, पुलाच्या कठड्याला जाऊन टेकली. आसगाव अजून मागं दिसत होतं, दोन कोसही झालं नव्हतं. ती जीभ दातांत धरून उभी राहिली, रक्ताची चव येईपर्यंत. वळव, ती मनात म्हणत होती. मला इथंच टाकून जा, मी चालत घरी जाईन. फक्त वळव.

भूषणनं बाहीनं तोंड पुसलं. किक मारली. गाडी सुरू झाली. त्यानं पुढचं चाक थोडं आसगावकडे फिरवलंही. मग पाय जमिनीला टेकवला आणि आईकडे पाहिलं.

"आई," त्यानं विचारलं, "परत जाऊ का?"

कौशल्याबाई पुढं आली, गाडीची चावी फिरवून बंद केली, आणि सहा वर्षांच्या पोराचं पुसावं तसं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"नको जाऊ," ती म्हणाली. "तू वाईट नाईस, भूषण. वाईट असता त मी तुले झोडपून सरळ केला असता. तुले मी बोलूच नाई देल्लं, ते पाप माह्या डोक्यावर, ते मी मरेपर्यंत वागवन. पन बायकोपाशी जाऊ का म्हणून जो मायले विचारते, त्याच्या घरात आता मी दुसऱ्याची लेक नांदवाले नाई आणनार. ते पोरगी सुटली. तिले सुटू दे."